गायकवाड बाई आणि स्क्रोल सॉचा क्लॅम्प

गायकवाड बाई मला भर दुकानात खोटारडा म्हणाल्या होत्या.

बरोबरच म्हणाल्या होत्या.

काल दुपारी घाटकोपरला त्या गेल्या. वय एकाहत्तर. महापालिकेच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. माझ्या त्या शिक्षिका नव्हत्या, नातेवाईकही नव्हत्या. कस्टमर होत्या.

मी कुर्ल्याला पॉवर टूल्सच्या दुकानात सेल्समन आहे, हे बहुतेकांना माहीत आहेच.

बाईंना स्क्रोल सॉ हवा होता. शिलाई मशीनच्या घाटाचं करवतीचं मशीन. दोऱ्यासारखं बारीक ब्लेड वरखाली हलतं आणि लाकडातून हवं ते वळण कापतं.

आमच्याकडे एकच पीस होता. बरेच महिने पडून होता.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. ब्लेड काढून परत लावायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, अर्धं मिनिट. हाताने होतं, एकदम सोपं.

मी ते ब्लेड आयुष्यात कधी बदललं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाई रिक्षातून खोका घेऊन परत आल्या. मशीन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "बदलून दाखव."

क्लॅम्प म्हणजे ब्लेडचं टोक दाबून धरणारा चिमटा. त्याचा स्क्रू ॲलन कीने, म्हणजे वाकड्या काडीसारख्या छोट्या पान्याने, पिळावा लागत होता. मी पिळला. ब्लेड सटकलं. परत पिळला, परत सटकलं. तिसऱ्यांदा तुटलं.

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. संधिवात. बोटांचे सांधे सुजलेले, दोन बोटं वाकडी. ती बारीक ॲलन की त्यांना धरताच येणार नव्हती.

"खोटारडा आहेस तू," त्या म्हणाल्या. आवाज न चढवता. पाच-सहा गिऱ्हाइकं बघत होती.

शेठ म्हणाले, वापरलेला माल परत घेत नाही. बाईंनी वाद घातला नाही, हे मला जास्त लागलं.

मी कॅटलॉगमधलं दुसरं मॉडेल दाखवलं. त्याच्या ब्लेडला दोन्ही टोकांना छोटी पिन असते. खाचेत अडकवली की झालं, पिळायचं कामच नाही.

बाईंनी पर्समधून कागद काढला. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'वैशाली बबन कदम'.

"मराठी अक्षरांना पोटं असतात रे. व ला एक. ब च्या पोटात काडी, म्हणजे दोन पोटं."

प्रत्येक पोट कापायला आधी लाकडाला भोक पाडायचं, ब्लेडचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत क्लॅम्पमध्ये आवळायचं. एका नावात सात-आठ वेळा. पिन आत जाण्याएवढं भोक पाडलं तर दोन बोटं उंचीच्या अक्षराचं पोटच उडणार.

म्हटलं, मग अक्षरं मोठी करा ना.

"पाटीवर नवराबायको दोघं बसवायचेत," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव आधी."

त्यांची चाळ पाडून सात मजली बिल्डिंग झाली होती. अठ्ठावीस दारं. बिल्डरने दारांवर फक्त नंबर लावले होते. चाळीत चाळीस वर्षं राहिलेल्या बायकांना अजून सगळे 'कदमांची', 'शिर्केंची' म्हणून ओळखतात, हे बाईंना खटकायचं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पाट्या त्या स्वतः करणार होत्या.

मशीन मी दुरुस्त करून देतो म्हणून ठेवून घेतलं.

रविवारी अंधेरीला साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने त्याच आट्यांचा स्क्रू करून वर मोठा नॉब बसवला. लोखंडाचा जड झाला, अख्खं मशीन थरथरायला लागलं. मग नायलॉनचा केला, लिंबाएवढा.

तो घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी तळहाताने नॉब फिरवला. फिरला. पण ब्लेड सटकलं.

मला वाटलं, लागली वाट.

बाईंनी ब्लेड हातात घेऊन पाहिलं. नव्या ब्लेडला तेल असतं, पुसलंस का, असं विचारलं. मी पुसलं नव्हतं. त्यांनी दोन्ही टोकं सँडपेपरने घासली आणि परत लावलं.

बसलं.

थँक्यू वगैरे काही नाही. वैशालीचा व कापायला घेतला. मी चहा पिऊन निघालो.

पुढची दोन वर्षं मी ब्लेड पोचवायला जायचो. बाईंना काम हळूहळूच जमायचं, महिन्याला एखादी पाटी. चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी पाटी परत आणून दिली. म्हणाले, घर माझ्या नावावर आहे, तर माझं नाव आधी टाका. बाईंनी ती ठेवून घेतली, आणि काका बाहेर गेल्यावर त्यांच्या बायकोला नेऊन दिली. तिने भर दुपारी स्वतः ड्रिलने लावली. ड्रिल मीच दिलं होतं. काकांनी ती काढली नाही.

दुकानात मला आता एखादी गोष्ट माहीत नसेल तर मी 'माहीत नाही' म्हणतो. शेठला आवडत नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला होता. अजून बारीक ब्लेड मिळेल का? म्हटलं, मागवतो. मागवलं. ते पाकीट काउंटरखाली आहे.

काल बाईंच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून जिना चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबून दारं वाचली.

शोभा दत्ताराम शिर्के. रमा सिद्धार्थ जाधव. वैशाली बबन कदम.

सातव्या मजल्यावर तीन दारांवर अजून नुसते नंबर आहेत.

बाईंच्या मुलीने विचारलं, मशीनचं काय करू? मी म्हटलं, विकू नका. रविवारी येतो, चालवायचं कसं ते शिकवतो.

ती म्हणाली, "मला येतं. आईने शिकवलंय. ब्लेड तेवढी आणा."

आणतो.

बाई, जय भीम. तुम्हाला मनापासून आदरांजली.