येळवशीच्या अंबिलीचं मीठ

रत्नम्माला चव लागत नव्हती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

श्रावणात तिला आठ दिवस ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच. नाकही गेलं. तिनं कडुलिंबाचा पाला चावून पाहिला. हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही.

दुसरी कोणी सांगून मोकळी झाली असती. रत्नम्माला ते जमणारं नव्हतं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती अक्कलकोटकडून सोलापुरात आली. नवरा बसप्पा मिलमध्ये. दोन खोल्यांचं घर. शाळा तिनं पाहिली नाही. पण भावकीतल्या तीस-बत्तीस माणसांच्या आवडी तिला पाठ होत्या. धाकटा दीर शिवपुत्र, त्याला अंबील दात आंबतील अशी हवी. बसप्पाला बेताची. पोरांना गूळ घातलेली. शिवपुत्राची बायको कमलम्मा, तिला भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीत, मेथी चालत नाही. नणंदेला शेंगाची पोळी मऊ, तिच्या नवऱ्याला कडक. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळी भावकी वळसंगच्या शेतात जेवायला जमे. कोणाला काही मागावं लागत नसे. वाडगं पुढं आलं की ज्याचं त्याला मिळे.

"वैनीला आमची पोटं ठाऊक हायती," शिवपुत्र म्हणे.

एवढंच तिचं नाव होतं. तेच जायची वेळ आली होती.

दिवाळीला चिवडा अळणी झाला. कमलम्मा हसली. "अक्का, मीठ महागलं का हो? औंदा अंबील मी करते. तुमी दमलाय."

"दमले न्हाय," रत्नम्मा म्हणाली.

शहात्तर सालची ती येळवस. आदल्या दिवशी दुपारी तिनं ज्वारीचं पीठ शिजवून, गार करून, ताकात कालवून ठेवलं. लसूण, जिरं घातलं. मीठ तेवढं राहिलं. जुना माठ भाद्रपदात फुटला होता. नवा माठ मोठा. ताक दुसऱ्या गवळ्याचं, पातळ. हाताच्या अंदाजानं घालायचं, तर अंदाज तरी कशाचा धरायचा?

सकाळी सातचा भोंगा झाला. बसप्पा पोरांना घेऊन एसटीत जागा धरायला गेला. कमलम्मा कुठल्याही क्षणी येणार होती. घरात माठ, रत्नम्मा आणि सासू मल्लव्वा.

मल्लव्वा दाराशी शेंगा सोलत होती. तिला दिसत नव्हतं. नुसता उजेड कळे. अकरा वर्षांपूर्वी, नजर जात होती तेव्हा, तिनं येळवशीच्या अंबिलीत मीठ दोनदा घातलं. लोकांनी वाडगी ज्वारीच्या बुडाशी ओतली. तेव्हा रत्नम्मा उठली होती. सगळ्यांच्या देखत तिनं सासूच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं होतं. "अत्ती, आता तुमी बसा." मल्लव्वा बसली. त्यानंतर चुलीपाशी आली नाही. त्या गोष्टीबद्दल कधी बोललीही नाही.

रत्नम्मानं वाटीत अंबील घेतली. दाराशी गेली. परत आली. पुन्हा गेली.

"अत्ती, जरा चाखता का?"

शेंगा सोलणारे हात थांबले.

"मी?"

"व्हय."

"अकरा वरसांत कधी इचारलं न्हाईस." मल्लव्वानं टरफलं झटकली. "तुझी चव कधी गेली?"

रत्नम्मानं वाटी पुढं धरली. "श्रावणात. तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? आमटी रोज निराळी लागती. हे सगळे घाईत गिळतात. मला दुसरं काम काय हाय? मी ध्यान देऊन जेवती."

तिनं वाटी घेतली. घोट तोंडात धरला.

"मीठ कमी."

रत्नम्मानं एक मूठ टाकली, ढवळलं, पुन्हा वाटी आणली.

"अजून एक."

तीही टाकली.

मल्लव्वानं या वेळी बराच वेळ लावला. मग म्हणाली, "अजून एक मूठ."

तिसरी मूठ. रत्नम्माचा हात मिठाच्या बरणीत तसाच राहिला. त्या वर्षीही माठ असाच भरलेला होता. त्या वर्षीही सगळी भावकी यायची होती. तिनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावरून काही कळत नव्हतं.

"अत्ती, नक्की?"

"मी सांगितलं. घालायचं तर घाल."

बाहेर बांगड्या वाजल्या. "अक्का, झालं का? गाडी जाईल की!"

रत्नम्मानं मूठ माठात सोडली.

शेतात कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाली. बसप्पानं पिकावर अंबील शिंपडली. रत्नम्मानं माठातली अंबील तीन चरव्यांत घेतली. एकीत आंबट ताक वाढवलं, दुसरीत गूळ, तिसरी तशीच ठेवली. शिवपुत्रानं सर्वांत आधी वाडगं पुढं केलं. घोट घेतला. थांबला. वाडग्यात पाहिलं.

मल्लव्वा पंगतीच्या टोकाला बसली होती. तिनं मान वळवून कान तिकडं केला.

"वैनी," शिवपुत्र म्हणाला, "ही तुमच्या हातची न्हाय."

जेवणारे थांबले. कमलम्मानं नवऱ्याकडं पाहिलं, मग जावेकडं. माझ्याच हातची, असं म्हणता आलं असतं. रत्नम्माच्या ओठांवर तेच आलं होतं.

"मला चव लागत न्हाय," ती म्हणाली. "श्रावणापास्नं. मीठ अत्तीनी सांगितलं तेवढं घातलं."

शिवपुत्रानं उरलेली अंबील एका दमात संपवली. वाडगं पुन्हा पुढं केलं.

"तरीच," तो म्हणाला. "ल्हानपणची लागली."

कमलम्मा उठून आली होती. "द्या अक्का, मी वाढते. तुमी आता बसा."

तेच शब्द. रत्नम्मानं ओगराळं दिलं आणि मल्लव्वाशेजारी जाऊन बसली.

वाडगी पुढं येऊ लागली. कमलम्मा बसप्पाचं वाडगं हातात धरून तीन चरव्यांपुढं गोंधळली. "यांना कुठली?"

"बेताची," रत्नम्मानं बसल्या जागेवरून सांगितलं. "पोरांना गुळाची. थोरल्या मामांना बेताची, अर्धंच वाडगं."

"आणि अत्तीला?"

रत्नम्मा सासूकडं वळली. म्हाताऱ्या माणसाला आंबट बाधतं म्हणून अकरा वर्षं ती सासूला पोरांची, गुळाची अंबील देत आली होती. मल्लव्वानं ती दर वर्षी मुकाट्यानं पिऊन वाडगं खाली ठेवलं होतं.

"अत्ती," तिनं हळू विचारलं, "तुमाला कशी लागते?"

"आंबट," मल्लव्वा म्हणाली. "शिवपुत्राला ती आवड कुणाकडनं आली असं वाटलं तुला?"

रत्नम्मा उठली. कमलम्माच्या हातातलं ओगराळं तिनं मागून घेतलं आणि आंबट चरवीत तळापर्यंत घातलं.