अकराचं लिंबू, चारची कॉफी

उषामावशी गेल्याची बातमी काकांनी स्वतः फोन करून दिली. एरवी विरारजवळच्या चंदनसारहून येणारा प्रत्येक फोन मावशीचा असे आणि काय बोलायचं ते काका मागून सुचवत असत. त्या सकाळी पलीकडून थेट काकांचा आवाज आला, तेव्हाच निम्मी बातमी कळली होती. "उषा गेली," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "पहाटे कॉफी मागितली होती. थर्मास घेऊन पोचलो तोवर..." न्युमोनियाचं निदान होऊन आठवडाही झाला नव्हता. त्याआधी ती कधी रुग्णालयात राहिली नव्हती.

उषामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. दोघी बेळगावच्या. तिथे कॉफी हे रोजचं पेय होतं. लग्न होऊन ती आगाशीला आली, तिथल्या केळीच्या आणि पानाच्या वाडीवाल्या घरात कॉफी फक्त आजाऱ्याला मिळत असे. पहिल्या आठवड्यात तिने दुपारी कॉफी उकळायला ठेवली आणि वास ओटीवर गेला, तशा तिच्या सासूबाई आत आल्या आणि त्यांनी काळजीने विचारलं, "कोन आजारी पडलं?" हा प्रसंग मावशी पुढे तीस वर्षं सांगत राहिली. सांगताना "कोन"मधला न मुद्दाम लांबवायची आणि काका, जे मुंबईतल्या कचेरीत नोकरी करूनही घरी "पानी"च म्हणत, शांतपणे ऐकून घ्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चंदनसारला जागा घेतली. इमारतीच्या मागे अजून भातशेती होती आणि नळाला पाणी नव्हतं. बोअरचं पाणी खारट. पिण्याचं पाणी टँकरने येई. त्यातली एक कळशी मावशी झाकून बाजूला ठेवत असे आणि त्या पाण्याला घरात कुणी हात लावायचा नसे, कारण ते कॉफीचं पाणी होतं. खारट पाण्याचा चहा खपून जातो, कॉफी खपत नाही, असं तिचं मत होतं. चिकोरी घातलेली पूड बेळगावहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीतून येई. ती उकळून, झाकून, फडक्यातून गाळायची, मग दूध, साखर आणि शेवटी किसणीवर जायफळाचे दोन-तीन हात. जायफळ घातलं की कॉफी झोप उडवत नाही, हा तिचा ठाम सिद्धांत होता. काका संध्याकाळी कामावरून आल्यावर एक कप घेत आणि सकाळी उशीला दोष देत. दोन उशा बदलून झाल्या, कॉफी बदलली नाही.

दुपारी चारला मजल्यावरच्या आणि खालच्या बायका तिच्याकडे जमत. बहुतेकींचे नवरे मुंबईला, मुलं शाळेत किंवा झोपलेली. कुणी कोकणातून आलेली, कुणी सातारा-सांगलीकडची, आणि सगळ्यांनाच ही वस्ती नवी. मावशीची कॉफी ही त्या इमारतीतली पहिली ओळख होती असं म्हणायला हरकत नाही. तिथेच एक रीत पडली. बाळंतपणांनंतर अंगात रक्त कमी म्हणून यांपैकी बऱ्याच जणींना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळीने मळमळायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची, आणि गोळ्या डब्यात पडून राहायच्या. मावशीने तोडगा काढला. गोळी आपल्या कॉफीबरोबर गिळायची. जायफळाने मळमळ थांबते, चवही जाते. तोडगा चालला. चारच्या कॉफीला बायका पदराला गोळी बांधून येऊ लागल्या. मावशीला याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

समोरच्या दारात राहणारी संगीता त्यातलीच. सासर मालवणकडचं, वय तेव्हा पंचविशीच्या आत. पहिल्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता, बाहेरून रक्त द्यावं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच गोळ्या दिल्या. पण प्रत्येक तपासणीत रक्त होतं तिथेच. असंच राहिलं तर इथे बाळंतपण करण्याची जोखीम मी घेणार नाही, मुंबईला मोठ्या रुग्णालयात जा, असं त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा तसा रक्तस्राव झाला तर काय, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. संगीता गोळ्या घेतच नाही, असा घरात संशय आला. "गोळ्या काय उशीत भरतेस?" तिच्या सासूबाईंनी विचारलं. तो प्रश्न जिन्यापर्यंत ऐकू गेला. मावशीने दुसऱ्या दिवशी साडी बदलली आणि साक्ष द्यायला त्या दोघींबरोबर दवाखान्यात गेली.

पुढचं संभाषण मावशीने मला इतक्या वेळा सांगितलं की ते तिच्याच शब्दांत पाठ आहे. डॉक्टरबाईंनी संगीताला विचारलं, गोळी रोज घेतेस ना? सासूबाई काही बोलण्याआधी मावशी म्हणाली, "माझ्यासमोर घेते. रोज चारला. मी साक्षीदार आहे."

"कशाबरोबर?"

"माझ्या कॉफीबरोबर. एकदाही उलटून पडली नाही."

डॉक्टरबाई जराशा हसल्या, पण चेष्टेने नाही. "मावशी, गोळी पोटात राहते हो तुमच्या कॉफीने. अंगी लागत नाही."

मग त्यांनी समजावलं. चहा आणि कॉफी लोहाला अडवतात, शरीर ते घेऊच शकत नाही. गोळी आणि कॉफी यांच्यात दोन तास तरी अंतर हवं. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर उलट जास्त लागू पडते. कॉफी वाईट असं त्या म्हणाल्या नाहीत. गोळीच्या शेजारी तिचं काम नाही, एवढंच म्हणाल्या.

त्याच दिवशी चारला बायका आल्या तेव्हा शेगडीवर काही नव्हतं. उभ्याउभ्याच तिने सगळ्यांना दवाखान्यात काय झालं ते सांगितलं आणि म्हणाली, "तुमच्या गोळ्या मी वाया घालवल्या." कुणीतरी म्हणालं, मुद्दाम केलं का तुम्ही? ती म्हणाली, मुद्दाम केलं नाही म्हणून रक्त वाढत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकराला ती लिंबूपाण्याचा पेला घेऊन संगीताच्या दारात उभी राहू लागली. संगीता गोळी गिळेपर्यंत ती हलायची नाही. सासूबाई सुरुवातीला दार अर्धंच उघडत. नंतर लिंबं त्याच आणून ठेवू लागल्या.

आणि तिने स्वतःची कॉफी बंद केली. संगीता सुखरूप सुटेपर्यंत. याला वैद्यकीय कारण काही नव्हतं; डॉक्टरबाईंनीही सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस तिचं डोकं सतत दुखत होतं, हात जड झाल्यासारखे वाटत, काकांशी ती कारण नसताना भांडली. काकांनी अर्धा कप पुढे केला. "दुखू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं ही अंगात काय करत होती, ते तरी कळतंय." हे दुखणं आठवड्याभरात ओसरलं. एकादशीला मात्र तिला कॉफीची फार आठवण होई, कारण उपासाला चालणाऱ्या पदार्थांत तिला मनापासून आवडणारा तो एकच होता. पुढे काकांचा संध्याकाळचा कपही सुटला आणि ते त्या काळात शांत झोपू लागले. जायफळाचा सिद्धांत त्यामुळे अडचणीत आला. त्यावर घरात चर्चा झाली नाही.

संगीताचं रक्त हळूहळू वाढलं. बाळंतपण विरारलाच झालं, मुलगी झाली, रक्त द्यावं लागलं नाही. त्या संध्याकाळी तिच्या सासूबाई दवाखान्यातून परतल्या त्या स्वतःच्या घरी न जाता मावशीच्या स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांना कॉफी करता येत नव्हती. त्यांनी चहासारखी पाण्यात उकळली, साखर भरपूर घातली, गाळायला विसरल्या. "घ्या आता," म्हणाल्या. मावशीने तळाच्या गाळासकट तो कप संपवला. आयुष्यात प्यायलेली सगळ्यात वाईट कॉफी, असं ती नेहमी सांगायची, आणि सांगताना डोळे पुसायची.

चारची बैठक पुन्हा सुरू झाली, पण एका प्रश्नासह. कप हातात देण्याआधी मावशी प्रत्येकीला विचारायची, "गोळी कधी घेतलीस?" उत्तर 'आत्ताच' असं आलं तर कप परत ओट्यावर. नव्या राहायला आलेल्या बायकांना हा पाहुणचार विचित्र वाटे. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत होते आणि आमच्या पुरवणीत कॉफीवरचा मजकूर वरचेवर लागे. तो वाचून ती फोन करायची. "मागे तुमच्याकडे कॉफी हृदयाला वाईट होती, आज चांगली आहे. तुमचं ठरलं की कळव, तोवर मी पिते." एकदा मात्र गंभीरपणे म्हणाली, कॉफी चांगली की वाईट हे विचारू नका, कुणाला, किती आणि कशासोबत ते विचारा. मजकूर संपादित करताना हे वाक्य मला अनेकदा उपयोगी पडलं. पुढे तिचा स्वतःचा रक्तदाब वाढला, तेव्हा कमी मिठाच्या जेवणाबरोबर दोनच कप कॉफी तिने मान्य केली. कप लहान घेतले नाहीत. काकांची संध्याकाळची कॉफी मात्र तिने स्वतःहून थांबवली आणि जायफळात दम राहिला नाही, असं कारण दिलं.

तेराव्याला एक नातेवाईक म्हणाले, कॉफी फार प्यायची, उष्ण असते, तीच नडली. न्युमोनियाशी त्याचा काही संबंध नव्हता. काकांनी वाद घातला नाही. "कॉफी पहाटे नाही मिळाली तिला," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

परवा, महिन्याभराने, चंदनसारला गेले. आता तिथे नळाला पाणी येतं, मागच्या शेतावर इमारती आहेत. कॉफीची कळशी तरीही झाकून जागेवर होती. चार वाजायला आले होते. काकांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः आत गेले. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. उकळणं, झाकणं, फडक्यातून गाळणं, सगळं क्रमाने. किसणीशेजारच्या वाटीत तिचं शेवटचं जायफळ होतं, एका बाजूने सपाट झालेलं. तिच्या बोटांनी जिथे धरलं जाई, ती बाजू गोल आणि गुळगुळीत. काकांनी ते उचललं, त्याच बाजूने धरलं आणि दोन-तीन हात किसलं.

कप माझ्या हातात देता देता त्यांनी मागे घेतला. गेलं वर्षभर मलाही लोहाची गोळी चालू आहे, हे मावशीने त्यांना सांगितलं असावं.

"गोळी कधी घेतलीस?"

सकाळी, मी म्हटलं. अकराला... लिंबाबरोबर.

काकांनी मान हलवली आणि कप दिला.