संताजीअण्णांची सिंगापूर तालीम

जयनगरच्या आमच्या तरुण मंडळाचे प्रमुख संताजीअण्णा यांना घोळ अजिबात खपत नाही. सिंगापूरच्या सहलीसाठी त्यांनी आम्हा वीसजणांकडून सहा रविवार तालीम करून घेतली. बॅगा घेऊन बसने देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायचा, दारापाशी रांग लावायची, हजेरी द्यायची, चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खायचं आणि परतीची बस पकडायची. एकदा माझा पासपोर्ट घरी राहिला, तर या गृहस्थांनी मला चित्रान्नही दिलं नाही.

सातव्या रविवारी रांग सरळ लागली, हजेरी पूर्ण भरली, चित्रान्नाचा फडशा पडला. परतीच्या बसमध्ये आमच्यातली हर्षिता एकदम किंचाळली, "अण्णा, विमान आजचं होतं!"

अण्णांनी वळून डोकी मोजली. वीसच्या वीस भरली.

"मग ओरडतेस कशाला?" ते गरजले. "कोणी हरवलंय का?"