बोटभर रामराम

फिंटन हेहिर एकवीस वर्षं क्लेअर या आयरिश परगण्याच्या अरुंद रस्त्यांवर प्रवाशांची बस हाकतोय. पाच हजार वर्षांच्या दगडी थडग्यापाशी वीस मिनिटं थांबायचं, फोटो झाले की चला पुढे. समोरून कुणीही आलं, की स्टिअरिंगवरून त्याचं एक बोट उठतं. इकडचा रामराम तेवढाच.

पुढच्या सीटवरच्या पाहुण्या बाईंनी विचारलं, "अहो, एवढ्या सगळ्यांना ओळखता तुम्ही?"

"छे हो! निम्मे तुमच्यासारखेच, फिरायला आलेले. बोट उचलायला ओळख कशाला लागते?"

वळणावर लाल ट्रॅक्टर आला. फिंटनने बस पार दगडी बांधाला टेकवून त्याला वाट दिली. बोट मात्र जागचं हललं नाही.

"मग यांना का नाही?"

"त्याला ओळखतो ना," फिंटन म्हणाला. "सख्खा भाऊ आहे."