नायलॉनचा स्वेटर आणि चिमूटभर दारू

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ऑस्लंड गावात आर्डिस ट्वाइटला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती शाळेची पिवळी बस चालवायची. सकाळी पहिलं पोर पायरीवर पाय ठेवायचं तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो बस रिकामी होईपर्यंत. कुणाच्या गाईला जुळं झालं, कुणाच्या कुत्र्यानं साळिंदराला तोंड मारून थोबाड सुजवून घेतलं, सगळं तिला ठाऊक. बसमधला रेडिओ कधीचा बंद पडला होता, पण तो दुरुस्त करून द्या असं एकाही पोरानं कधी म्हटलं नाही.

लग्न तिनं केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईचं करता करता साठी उलटली, आणि एका शरदात आईही गेली. ही बोर्गहिल्ड म्हातारी मोठी खमकी. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून, मांडीवरचं विणकाम बाजूला न ठेवता, अंगणात आलेला खुळखुळ्या साप चिमुकल्या रिव्हॉल्व्हरनं टिपायची आणि पुढचा टाका घालायची. ते रिव्हॉल्व्हर आता आर्डिसकडे आलं. आईचं हत्यार कपाटात गंजत पडण्यापेक्षा आपणच ते चालवावं, असं तिच्या मनानं घेतलं. पण हार्डवेअरच्या दुकानदारानं मान हलवली. इतक्या लहान, जुन्या मापाची काडतुसं आता कुणी मागवत नाही, म्हणाला. गावात ती एकटा व्हर्लिन श्ट्रो वापरतो, आणि तो स्वतःची स्वतः भरतो.

व्हर्लिनची सारी नोकरी रेल्वेकाठच्या गव्हाच्या कोठीवर, वजनकाट्यापाशी गेली होती. ट्रकच्या ट्रक गहू तोलण्यात ज्याची हयात गेली, तो निवृत्त झाल्यावर तळघरात बसून दारू तोलत होता, तीही ग्रेननं, म्हणजे गव्हाच्या एकेका दाण्याच्या वजनानं. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी तो नाताळातसुद्धा घोटभरच घ्यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस सज्जन, पण मुखदुर्बळ.

आर्डिसनं त्याच्या दारात उभं राहून सापांपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळी कथा ऐकवली. व्हर्लिननं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, "मी भरून देणार नाही."

आर्डिसचं तोंड उतरलं.

"राग मानू नका," तो म्हणाला. "दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. मी कधी घातलं नाही, आणि माझं कुणाला दिलं नाही. शिकायचं असेल तर शनिवारी सकाळी या."

ती गेली. व्हर्लिनचं तळघर तिच्या स्वयंपाकघरापेक्षा लख्ख होतं. काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या लाकडी फळीतल्या भोकांत ओळीनं उभ्या होत्या. पुंगळी करंगळीच्या नखाएवढ्या तोंडाची, तिच्यात दारू जायची ती चिमूटभरसुद्धा नाही. मोठ्या काडतुसांसाठी दारू सोडणारं एक यंत्र भिंतीला होतं, पण इतक्या थोड्या मापाला ते बेभरवशाचं. कधी चार कण जास्त सोडी, कधी कमी. मोठ्या बंदुकीला चार कणांचं काही वाटत नाही. या चिमुकलीला मात्र ते फार होतात. म्हणून व्हर्लिननं एक जुनी पुंगळी कापून, कानशीनं घासून घासून, तारेचा दांडा लावून इवलीशी पळी केली होती. पळीनं दारू घ्यायची, वरून खेळायच्या पत्त्याची कड फिरवून सपाट करायची, सोनाराच्या काट्यासारख्या तराजूवर तोलायची आणि मगच पुंगळीत ओतायची. शेवटी, वर शिशाची गोळी बसवण्याआधी, छोटा दिवा घेऊन एकेका पुंगळीत डोकावायचं, कुठे दोनदा तर पडली नाही ना? दुप्पट दारूनं हत्यार हातातच फुटतं. व्हर्लिन एरवी मवाळ, पण एकदा ती डोकावायची विसरली तेव्हा त्यानं मुकाट्यानं अख्खी फळी रिकामी करून तिला पहिल्यापासून सुरुवात करायला लावलं.

तराजू इतका नाजूक की हीटरच्या झुळकीनंही काटा डोले. म्हणून मोंटानाच्या जानेवारीत हीटर बंद. बोललेलंही चालत नसे, कारण काट्याला श्वास लागतो. आर्डिसला थंडी सोसली, बोलणं आवरणं सोसेना. शेवटी तिनं उपाय काढला. दारू तोलायची वेळ आली की ती तोंडात पेपरमिंटची मोठी गोळी टाकायची. गोळी विरघळेपर्यंत व्हर्लिनला घाई करावी लागे, आणि त्या घाईची त्यालाही गंमत वाटू लागली असावी. कारण तिसऱ्या-चौथ्या शनिवारी टेबलावर पेपरमिंटची आख्खी पिशवी त्यानंच आणून ठेवली होती. काम आटोपलं की वर स्वयंपाकघरात तो बटाट्याचं आणि कणकेच्या गोळ्यांचं दाट सूप वाढायचा, आणि मग आर्डिसचं आठवड्याभराचं साठलेलं बाहेर पडायचं.

फेब्रुवारीत मात्र काहीतरी बिनसलं. हवा कडकडीत कोरडी झाली होती. व्हर्लिननं पळी भरली की वजन बरोबर. आर्डिसनं भरली की कधी कमी, कधी जास्त. दारूचे काळे कण पळीला आतून चिकटून राहत आणि मध्येच कधीतरी सुटत. तिला वाटलं आपला हात वाईट. तिनं पुन्हा भरली, पुन्हा तोलली, पुन्हा चुकली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

व्हर्लिन बाजूला उभा राहून पाहत होता. पाहता पाहता त्याला उमगलं, आणि तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तो जिन्यावरून वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला, आणि या खेपेला स्वतःचा सुती चौकड्यांचा शर्ट घेऊन आला. तो त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आर्डिस," तो म्हणाला, "तुमचा स्वेटर."

तिनं गोळी गालात सरकवली. "काय झालं स्वेटरला?"

"तो... तो काढला तर बरं होईल."

आर्डिसनं पळी खाली ठेवली. आर्डिसच्या अंगावर मामेबहिणीनं पाठवलेला जांभळा नायलॉनचा स्वेटर होता.

"व्हर्लिन श्ट्रो," ती हळू म्हणाली, "तुम्ही मला कपडे काढायला सांगताय का?"

"वीज आहे त्याच्यात," व्हर्लिन भिंतीला सांगत होता. "घासला की वीज धरतो. कण त्यानं चिकटतात. मी वर जातो. शर्ट धुतलेला आहे."

आर्डिसला हसू फुटलं, ते आवरेचना. तोंडातली पेपरमिंटची गोळी उडून दारूच्या ताटलीत पडली, ती ताटलीभर दारू फेकून द्यावी लागली, आणि तरी ती टेबलाला धरून हसत राहिली. मग भिंतीकडे तोंड केलेल्या व्हर्लिनचे खांदेही हलायला लागले. शर्ट घातल्यावर वजन बरोबर आलं. पहिल्या झटक्यात.

ही गोष्ट आर्डिसच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला तिनं ती हावभावांसकट सांगितली. सोमवारपर्यंत गावभर झाली. कॅफेत व्हर्लिन शिरला की कुणीतरी म्हणायचं, "काय व्हर्लिन, आज थंडी आहे, स्वेटर ठेवू की काढू?" तो कॉफी अर्धी टाकून उठायचा. त्या आठवड्यात त्याचा आर्डिसला फोन आला. तुम्हाला आता सगळं येतं, म्हणाला, शनिवारी यायची गरज नाही.

आर्डिसनं बरं म्हटलं. त्यानंतरचे दोन दिवस बसमध्ये इतकं शांत होतं की पुढच्या बाकावरच्या मुलीनं तिला ताप आहे का म्हणून विचारलं. आपण एका भिडस्त माणसाला चारचौघांत उघडं पाडलं, हे तिला आता लख्ख दिसत होतं. माफी मागायला ती दोनदा त्याच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बोलायला शब्द सापडत नाहीत, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग तिनं तराजू आणि बाकीचं सामान विकत आणून आपल्या स्वयंपाकघरातच मांडलं. व्हर्लिननं करून दिलेली तिची स्वतःची पळी होती, अंगात त्याचा चौकड्यांचा शर्ट होता. हीटर बंद करून, दिवा घेऊन, एकेक पुंगळी निरखून तिनं वसंत येईपर्यंत डबाभर काडतुसं भरली.

मे महिन्यात खडीच्या खाणीत गावच्या नेमबाजी क्लबची स्पर्धा होती. आर्डिसनं आईच्या रिव्हॉल्व्हरनं पाचपैकी तीन लोखंडी तबकड्या वाजवल्या. म्हातारे सभासद वाहवा म्हणाले. व्हर्लिन पार दुसऱ्या टोकाला उभा होता. तिथून तो चालत आला, तिच्यासमोर थांबला आणि त्यानं हात पुढे केला.

"पाच द्या," तो म्हणाला.

"तुमची संपली?"

"नाही. माझा भरलेला डबा गाडीत आहे."

ऐकणारे सभासद जवळ सरकले. दुसऱ्याचं काडतूस व्हर्लिन श्ट्रो आपल्या हत्यारात घालतो आहे, हे त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. आर्डिसनं पाच काडतुसं त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती निरखलीही नाहीत. सरळ भरली आणि झाडली. चार तबकड्या वाजल्या, पाचवी नाही.

"चुकली ती माझी चूक," तो म्हणाला. "भरलेलं चोख आहे." मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. तू तळघरात हसलीस ते मला फार आवडलं होतं. ते आपल्या दोघांचं होतं. तू गावजेवण घातलंस."

आर्डिसनं काडतुसांचा डबा खाली ठेवला. "मलाही आवडलं म्हणूनच सांगत सुटले रे. जे आवडतं ते माझ्या पोटात राहत नाही. चुकलंच माझं."

"आणि आत्ताचं?"

"सोमवारी सकाळी, बसमध्ये," ती डोळे पुसत म्हणाली. "मला नाही राहवणार, व्हर्लिन."

त्यानं जरा विचार केला. "सांग. पण पाचवी तबकडी गाळ."

सुगी आटोपल्यावर, सप्टेंबरात त्यांचं लग्न झालं. चर्चच्या हॉलमध्ये ट्वाइटांकडच्या बायकांनी लेफ्सेच्या चवडी लावल्या, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळून खाता खाता संपेनात, आणि श्ट्रोंकडच्यांनी सॉसेज आणि ॲकॉर्डियन वाजवणारा एक चुलतभाऊ आणला. पोल्का नाच सुरू झाला. आर्डिसला वाटलं, नवरा आता कोपऱ्यात जाऊन उभा राहणार. पण व्हर्लिननं कोट काढून खुर्चीवर टाकला, तिच्या कमरेला हात घातला आणि तिला असं काही फिरवलं की तिचे पाय जमिनीला लागेनात. हा माणूस तरुणपणी चार परगण्यांत पोल्कासाठी नावाजलेला होता, हे तिला त्याच्या भावाकडून कळलं ते तिसऱ्या नाचाच्या मध्ये, धापा टाकताना. एवढी मोठी गोष्ट ह्यानं कधी सांगितली का नाही, म्हणून ती त्याच्यावर उखडली. तू विचारलं नाहीस, म्हणाला. चौथ्या नाचाला त्याच्या बुटाचा तळ निघून आला, तेव्हा त्यानं दोन्ही बूट भिरकावले आणि मोज्यांवर नाचू लागला. आर्डिसनंही सपाता काढल्या. ॲकॉर्डियनवाल्यानं लय वाढवली, आणि दोघं पुन्हा हॉलच्या त्या टोकाला निघाले.