आत्याच्या रक्तातलं मीठ

आमच्या आत्याला मीठ चाखावं लागत नसे. रश्शाच्या टोपावर वाकायची, वाफ नाकात घ्यायची आणि सांगायची, "मूठभर कमी हाय." हळदीच्या जेवणाला तिनं मान हलवल्याशिवाय आमच्या गावात टोप चुलीवरून उतरत नसे. मिठाला वास नसतो, हे मी बी.एस्सी.ला शिकले. खानदानातली पहिली पदवी माझी, म्हणून मुद्दाम तिला सांगायला गेले. "तुझ्या कालेजात नसंल," ती म्हणाली, "आमच्या टोपात हाय." तिचा अंदाज दर वेळी बरोबर येई असं नाही. पण खारट झालं तरी तोंडावर सांगणार कोण?

आम्ही आगरी, मीठ पिकवणारे. आजोबा खाडीकडच्या मिठागरात राबले, आत्या तिथंच वाढली. लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला आली, तेव्हा दाराशी भातशेती होती. आता इमारती आहेत. त्यांच्याकडे बघत ती ओट्यावर बसून उघडपणे विडी ओढायची. नवं काही दिसलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "पन त्याला सांगतंय कोन?" माझ्या बदलापूरच्या इमारतीत पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली, तेव्हा शेजाऱ्यांसमोर तिनं हेच विचारलं. मी वायर, मोटर वगैरे समजावलं. "म्हंजे तुना बी म्हाईत नाय," ती म्हणाली.

मग एका सकाळी सुनंदावहिनीचा, म्हणजे तिच्या सुनेचा, फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, आईंनी मला आज 'बाळा' म्हटलं."

"मग छानच की."

"छान काय? इतक्या वर्षांत कधी म्हटलंय? काहीतरी बिनसलंय."

खरंच बिनसलं होतं. आत्या वहिनीला स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली. कालवणात दोनदा मीठ टाकायची. सगळे म्हणाले, वय झालं. दादा, तिचा मुलगा, तोही तेच म्हणाला. वहिनीनंच हट्टानं रक्त तपासून आणलं. रिपोर्टमध्ये सोडियम कमी.

"मीठ कमी?" दादा ओरडला. "आगऱ्याच्या घरात?" घराण्याच्या इज्जतीचाच प्रश्न झाला. मग खारी पेज, मीठ घातलेलं लिंबूपाणी, तांब्यावर तांबे सुरू झाले. गल्लीतल्या बायकाही येता-जाता पाजून जायच्या. तिसऱ्या दिवशी आत्याला आकडी आली.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मीठ कमी पडलेलं नाही, पाणी जास्त झालंय. शरीर पाणी बाहेरच सोडत नाहीये. मोजूनमापूनच द्यायचं." मग छातीचा स्कॅन काढला. फुप्फुसात गाठ होती, कॅन्सरची. पाणी धरून ठेवायचा हुकूम एरवी मेंदूकडून सुटतो. इथं तो ती गाठच सोडत होती, आणि मूत्रपिंडं तो मुकाट पाळत होती. खोकला नाही, दुखणं नाही. गाठ छातीत बसलेली आणि गडबड डोक्यात. मी ते ऐकून थक्क झाले. भीती नंतर, घरी आल्यावर वाटली.

पाणी आवरलं, औषधं चढली, आणि चार-पाच दिवसांनी आत्यानं डोळे नीट उघडले. वहिनीकडे बघून म्हणाली, "केस इंचरलं नाय का गं? भूत दिसतंस!" वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. "शुद्धीवर आल्या, ताई!"

दादाचं म्हणणं, तिला गाठीचं कळता कामा नये. पण आत्यानं मलाच धरलं. "तू शिकलेली हायस. खरा सांग." मी सगळं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती विचारात पडली.

"मिठागरात बी असाच व्हतं बघ. पानी जास्ती शिरला की मीठ धरत नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पन मेंदूचा काम गाठीला शिकवला कोनी?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, प्रत्येक पेशीत सगळ्या कामांचे धडे असतात, नको ते मिटलेले. बिघडलेली पेशी भलताच धडा उघडून बसते. आत्याला हे फार आवडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ते ऐकवलं, दर वेळी थोडं वाढवून.

केमोनं काही महिने तिचं डोकं लख्ख राहिलं. मग गाठ परत वाढली, आणि आता थांबू या असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तेव्हा आत्यानं घरातल्या एकेकाला जवळ बोलावलं आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. मला म्हणाली, "बाय, पुढं मी तुना वलखनार नाय. वाकडा बोलंन, नायतर गोड बोलंन. दोनी मनावर घेऊ नको. ती गाठ बोलंल."

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. दारात चपला घालताना हळूच म्हणाल्या, "आता पाणी मागतील तेवढं द्या."

मी आत गेले. आत्यानं माझ्याकडे परक्या नजरेनं बघितलं. "नर्सबाय, पानी देता का?"

"देते की, आजी," मी म्हटलं, आणि भांडं काठोकाठ भरलं.