दुधानं पुसलेली भिंत

सत्त्याण्णव साली, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ऐन आरतीच्या आधी आमच्या गावच्या गुरवमावशींकडून देवळाची चावी काढून घेतली. गुन्हा काय? तर मंडपाच्या भिंतीवरच्या जुन्या चित्रांना काळे डाग पडले. गवळणींच्या गालांवर, हत्तीच्या पाठीवर, जिकडं बघावं तिकडं. "बाईमाणसानं पूजा केली, विटाळ झाला, देव कोपला," असा देवळाच्या कमिटीचा निकाल. नवरा गेल्यापासून मावशी एकट्याच देवाचं बघायच्या. चावी गेली म्हणजे पूजेबद्दल गावाकडून मिळणारं सुगीचं धान्य गेलं, घरातली चूलच गेली.

गाव आमचं वाईजवळ, कृष्णेकाठी. मी सांगलीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि उरलेल्या वेळात चौकात बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत होते. म्हणजे भांडायची सवय होतीच. बातमी कळली तशी एसटी पकडली आणि थेट देवळात गेले. भिंतीला हात लावला नाही, नाक नेलं. वास नासक्या दुधाचा!

"मावशी, भिंतीला काय लावलंत?"

"म्या कशाला लावू? कमिटीनं लावलं की. सप्त्याला पाव्हणं येनार, म्हून दुधानं पुसली. चित्रं उजळत्यात म्हनं. चेरमनच्या म्हशीचं दूध, लय घट्ट. वर पावसाचं म्हून खिडक्याबी लावून घेतल्या."

झालं! बुरशीला पंगत वाढली आणि तिला वारा लागू नये म्हणून खिडक्याही लावल्या. तिचं बी हवेत असतंच, त्याला आमंत्रण लागत नाही. ती दूध जेवली, ओलीत पसरली, रंगाखाली शिरली आणि गिलावा पोखरत बसली. रंगाचे पोपडे सुटले. आणि नाव कुणाचं? बाईचं!

आमच्या गावाला भाषण पचत नाही. म्हणून दूध न लागलेल्या मागच्या भिंतीखाली गळून पडलेले गिलाव्याचे दोन तुकडे उचलले. एकाला दूध चोपडलं, दुसऱ्याला नुसतं पाणी. दोन डब्यांत झाकून आमच्याच घरी ठेवले. आठवड्याभरानं पारावर कमिटीसमोर झाकणं काढली. पाण्याचा तुकडा होता तसा. दुधाच्या तुकड्याला मात्र काळी लव आली होती.

चेअरमनना म्हटलं, "आबा, ह्या डब्याला कुणाचा विटाळ झाला?"

आबांचा चेहरा उतरला, पण मिशी नाही. "पोरी, दूध माझं निर्भेळ हाय हां!"

"आवं म्हून तर पीक जोमात आलंय!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा पार हसला.

"आमी भक्तीनं लावलं हुतं," आबा पुटपुटले.

"भक्ती देवाला पोचली, आबा. दूध बुरशीला."

चावी परत आली. पण कशी? आबांनी गड्याच्या हाती पाठवून दिली. चूक झाली, असा शब्द एकाही पुरुषाच्या तोंडातून निघाला नाही. मावशींनी चावी कनवटीला खोवली, जाऊन आधी खिडक्या उघडल्या. गवळणींचे गाल गेले ते गेलेच. डाग पुसायला जावं तर रंगच फडक्याला येतो.

तुमच्या गावात असं चित्रांचं देऊळ असेल तर आजच जा. खिडक्या उघडा. दुधातेलाचं फडकं कुणाच्या हातात दिसलं तर काढून घ्या. आणि भिंतीच्या डागापायी एखादीचं काम काढलं असेल, तर ते तिला परत द्या. गड्याच्या हाती नको, पारावर, सगळ्यांदेखत, माफी मागून.